मोडापासून सुरुवात

गेल्या काही वर्षांत सांगली-साताऱ्याकडची पोरं मला एक प्रश्न वारंवार विचारतात, ‘काका, घरी बिअर करायची तर सुरुवात कशी करायची?’ विचारणारा कुणी पुण्यात नोकरीला असतो, कुणी इस्लामपूरला इंजिनिअरिंगला, कुणाची तासगावला द्राक्षबाग असते. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. तिच्यामागून आणखी निघाल्या आणि बाटलीबाहेरची ताजी बिअर कशी लागते हे आपल्याकडच्या पोरांनाही कळलं. एकदा ती चव कळली की हे आपल्याला घरी जमेल का, असं वाटणं साहजिक आहे. प्रश्न माझ्याकडे येतो, कारण माझी नोकरीची सगळी वर्षं आंबवण्यात गेली. कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट होतो.

माझं उत्तर दोन भागांत असतं. पहिला भाग कायद्याचा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे. बिअर त्यात येते. ‘विकणार नाही, घरच्यापुरतीच करणार’ असं म्हटल्यानं काही फरक पडत नाही. बिअर पिण्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, पण वय झालं म्हणून ती घरी करण्याची मुभा मिळत नाही. हे ऐकून पोरांचा चेहरा पडतो. म्हणून दुसरा भाग मी लगेच सांगतो. बिअरचं निम्म्याहून जास्त काम यीस्ट घालायच्या आधीचं असतं. ते सगळं काम दारूचा एक थेंबही तयार न करता आपल्या स्वयंपाकघरात शिकता येतं. आणि खरं सांगायचं तर नवशिक्याचं जे बिघडतं ते बहुतेक तिथंच बिघडतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, टाक्यांशेजारी उभं राहून शिकलो ते सांगतो. डिस्टिलरीत बिअर होत नाही. कारखान्याकडून आलेली मळी पाण्यानं पातळ करून टाकीत घेतात, यीस्ट सोडतात. साधारण दीड दिवसात साखर संपते आणि आठ-दहा टक्के अल्कोहोलचा वॉश तयार होतो. तो पुढं ऊर्ध्वपातनाला जातो. रेठरे बुद्रुक, साखराळे, सांगली, भुईंज अशा आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांनी साखरेच्या जोडीला हा उद्योग उभा केला. आता त्यातला बराचसा माल पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलकडे वळला आहे. माल कुठंही जावो, टाकीत काम करणारा जीव तोच.

सकाळच्या शिफ्टला आलं की पहिल्यांदा यीस्टच्या कल्चरचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, हा रिवाज. काचपट्टीवर एक थेंब, त्यात मेथिलीन ब्ल्यूचा एक थेंब. जिवंत पेशी तो निळा रंग आत टिकू देत नाही, ती स्वच्छ दिसते. मेलेली पेशी निळीच राहते. कल्चर ठणठणीत असेल तर निळी पेशी शोधावी लागते, आणि बऱ्याच पेशींच्या अंगाला एक बारीक कळी फुटलेली असते. ती कळी फुगत जाते आणि पुढं सुटी होऊन आपला संसार मांडते. असं दिसलं की टाकीची काळजी नसे. निळ्या पेशी वाढल्या की समजायचं, कुठंतरी आपलं चुकतंय. उष्णता जास्त झाली, खाणं कमी पडलं किंवा टाकीत दुसरं कुणी शिरलं.

दुसरं कुणी म्हणजे बहुधा लॅक्टिक जीवाणू. ते साखर खातात, आम्लता वाढवतात आणि अल्कोहोलचा उतारा पाडतात. फ्रान्समधल्या दारूवाल्यांच्या अशाच नासाडीच्या तक्रारींचा पाठपुरावा लुई पाश्चर यांनी केला. १८७६ साली बिअरवर लिहिलेल्या ग्रंथात, बिअर नासते ती नको असलेल्या सूक्ष्मजीवांमुळं, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढं १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. तेव्हापासून बिअर दरवेळी सारखी काढता येऊ लागली. आमच्या डिस्टिलरीतली कल्चरची बाटली याच घराण्यातली. शंभर किलो ग्लुकोजपासून हिशेबानं सुमारे ५१ किलो अल्कोहोल आणि ४९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हे रूपांतर यीस्ट करतं. त्याला खाणं द्यायचं, ऊब सांभाळायची आणि परक्याला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच माणसाच्या हातात असतं.

मळीत साखर तयारच असते. धान्यात ती नसते, तिथं असतो स्टार्च, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. म्हणून बिअरची सुरुवात होते धान्याला मोड आणण्यापासून. दाण्याला अंकुर फुटू लागला की आतला साठा मोडून साखर करणारी विकरं तयार होतात, ॲमायलेज म्हणतात ती. मोड योग्य वेळी थांबवून दाणा वाळवला की माल्ट झाला. आपल्या घरांना हे नवीन नाही. माझी आई नाचणीचं सत्त्व करायची ते असंच. नाचणी रात्रभर भिजवायची, धुऊन ओल्या फडक्यात बांधायची, मोड आले की सावलीत वाळवून दळायची. साध्या नाचणीच्या पिठाची पेज घट्ट गोळा होते, सत्त्वाची पेज मात्र पातळ राहते आणि बाळाला पचते. तिथं ॲमायलेजनंच काम केलेलं असतं. मोड आलेल्या तृणधान्यांत या विकराच्या बाबतीत नाचणीचा हात धरणारी फार कमी आहेत.

पोरांना मी आधी नाचणी करायला लावतो आणि मग सातू. सातू आणताना दोन गोष्टी बघायच्या. किराणा दुकानात मिळणारा पांढरा, पॉलिश केलेला सातू चालत नाही, त्याला मोड येत नाहीत. टरफलासकट अख्खा दाणा लागतो. आणि पेरणीच्या बियाण्याचं पाकीट चुकूनही आणायचं नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं.

दाणे पाण्यात बुडवून ठेवून भागत नाही. दाणा जिवंत आहे, त्याला श्वास घ्यायचा असतो. सात-आठ तास पाण्यात, मग पाणी काढून तितकाच वेळ उघड्यावर, असं दोन दिवसांपर्यंत करायचं. बुडाशी पांढरं मूळ डोकावलं की चाळणीत पातळ थर पसरायचा, वर ओलं फडकं टाकायचं आणि दिवसातून दोन-तीनदा हातानं खालीवर करायचं. न हलवलेला थर आतून गरम होतो, मुळ्या एकमेकांत गुंततात आणि वास बिघडतो. चांगल्या माल्टला या वेळी काकडी चिरल्यासारखा वास येतो. आंबूस वास आला किंवा करडी बुरशी दिसली तर तो घाणा टाकून द्यायचा, त्यात जीव अडकवायचा नाही.

सातूचा कोंब टरफलाच्या आतून, दाण्याच्या पाठीवरून सरकत जातो, म्हणून बाहेरून तो दिसत नाही. नखानं टरफल चिरून बघावं लागतं. कोंब दाण्याच्या पाऊण लांबीला आला की दाणा अंगठा आणि बोटात धरून चोळायचा. खडूसारखी भुकटी झाली तर मोड थांबवायची वेळ झाली. मध्यभागी टणक कणी लागली तर आणखी एक दिवस थांबायचं. चार-पाच दिवसांत ही अवस्था येते, पण दिवस मोजण्यापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. मग सावलीत आणि वाऱ्यावर वाळवण, आणि शेवटी मंद उष्णतेवर कोरडं करणं. ओला दाणा एकदम तापवला तर विकरं मरतात. आधी ५० अंशांच्या आत वाळवायचा आणि पुरता वाळल्यावरच ८० अंशांपर्यंत न्यायचा. शेवटी गोणपाटावर चोळून मुळ्या झाडून काढायच्या.

जत-आटपाडीची पोरं ज्वारीचा माल्ट करायचा म्हणतात. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते, तेव्हा विचार चांगलाच आहे. पण ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती त्यामुळंच, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून ज्वारीचे मोड कच्चे खायचे नाहीत, आणि माल्ट करताना कोंब व मुळ्या पूर्ण झाडल्याशिवाय पुढं जायचं नाही. ज्वारीचा स्टार्च सातूपेक्षा जास्त उष्णतेला फुलतो, त्यामुळं ती आधी वेगळी शिजवून घ्यावी लागते. नवशिक्यानं सातू आणि नाचणीवर हात बसवावा, ज्वारी नंतर.

माल्ट झाला की तो भरडायचा, पीठ करायचं नाही. टरफल अखंड राहिलं तर तेच पुढं गाळणीचं काम करतं. एक किलो भरड आणि तीन लिटर पाणी. मिश्रण ६५ ते ६७ अंशांवर तासभर ठेवायचं. त्यासाठी आमच्या घरी समारंभाला वापरतो तो मोठा कॅसरोल पुरतो, फक्त थर्मामीटर चांगला हवा. दोन-चार अंशांनी इथं चव बदलते. ६२-६३ अंशांना एक विकर जोरात असतं, ते लहान साखरा करतं, त्या यीस्टला सहज खाता येतात. ७० च्या आसपास दुसरं जोरात असतं, त्यानं तयार झालेल्या मोठ्या साखरा यीस्टला पेलत नाहीत, त्या बिअरमध्ये उरतात आणि तोंडात भरीवपणा देतात. मधली उष्णता धरायची ती दोघांकडून काम घेण्यासाठी.

तासाभरानं पांढऱ्या बशीत त्या पाण्याचा एक थेंब घ्यायचा आणि औषधाच्या दुकानातलं आयोडिन त्यात टाकायचं. काळंनिळं झालं तर स्टार्च अजून उरला आहे, थांबायचं. आयोडिनचा तांबूस रंग तसाच राहिला तर साखर झाली. परीक्षेचा थेंब बशीसकट मोरीत, तो परत भांड्यात टाकायचा नाही. पहिल्यांदा हा थेंब काळा होण्याऐवजी तांबूस राहिलेला बघताना पोरांचे डोळे चमकतात. शाळेत पाठ केलेलं रसायनशास्त्र त्या बशीत त्यांच्यासमोर घडलेलं असतं.

गोडी मोजायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. तासगाव-पलूसकडं द्राक्षबागायतदाराच्या खिशात ब्रिक्स मोजायचं हातातलं यंत्र असतंच. मणी काढणीला आलेत का ते तो त्यावर बघतो. तेच यंत्र इथं चालतं. भरडीवर गरम पाणी ओतून उरलेली गोडी धुऊन घेतली आणि सगळं एकत्र केलं की साधारण १२ ब्रिक्सचा रस मिळायला हवा. हायड्रोमीटरच्या भाषेत तो १.०४८. हा रस यीस्टनं १.०१० पर्यंत खाल्ला असता तर सुमारे पाच टक्क्यांची बिअर झाली असती. इथं, महाराष्ट्रात, हा हिशेब कागदावर करायचा आणि थांबायचं. गाळलेला रस सुंठ-वेलची घालून उकळला की घरातली लहानथोर सगळी आवडीनं पितात. वाया काही जात नाही. उरलेला चोथा गाई-म्हशीला.

यापुढचं काम मी जिथं कायद्यानं चालतं तिथं केलं. मुलगी आणि जावई इंग्लंडात डर्बीला असतात. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही, विकायला मात्र मनाई आहे. अमेरिकेत तशी मोकळीक १९७८ च्या कायद्यानं आली. मुलीच्या स्वयंपाकघरात २३ लिटरचं झाकणाचं प्लास्टिकचं भांडं, वर हवा बाहेर सोडणारी आणि आत येऊ न देणारी छोटी नळी, एवढ्यावर काम झालं. मोठ्या टाक्यांची सवय असलेल्या मला तिथं जाणवलं ते असं, की भांडं लहान झालं म्हणून शिस्त लहान होत नाही.

रस तासभर खळखळून उकळायचा आणि त्यात हॉप्स घालायची. हॉप्सची फुलं आपल्याकडं हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात पिकतात, आपल्या हवेत ती येत नाहीत. उकळताना त्यांचा कडवटपणा रसात उतरतो, गोडीला तोल येतो आणि काही जीवाणूंना आळाही बसतो. उकळून झालं की रस शक्य तितक्या लवकर थंड करायचा. उकळतं आहे तोवर सगळं निर्जंतुक असतं, कोमट झालं की प्रत्येक भांडं, चमचा, नळी आणि हात संशयित. भांडं धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, हे मी जावयाला आधी समजावलं. धुतल्याशिवाय निर्जंतुक होत नाही, आणि नुसतं धुतलेलं निर्जंतुक नसतं. २० अंशांवर यीस्टचं अकरा ग्रॅमचं पाकीट घातलं. दुसऱ्या दिवशी नळीतून बुडबुडे सुरू झाले आणि घरभर ताज्या पावासारखा वास पसरला. बाटलीत भरण्याची घाई मात्र करू दिली नाही. हायड्रोमीटरचं माप लागोपाठ तीन दिवस हललं नाही, मगच बाटल्या, आणि लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास साखर. आंबणं पुरं व्हायच्या आत बाटली बंद केली तर आतल्या वायूनं काच फुटते आणि माणूस जखमी होतो.

डर्बीपासून जवळच बर्टन-अपॉन-ट्रेंट हे बिअरचं जुनं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथून हिंदुस्थानातल्या इंग्रजांसाठी जहाजानं फिकट, कडवट बिअर येई. गावाचं नाव झालं ते जमिनीखालच्या जिप्समयुक्त जड पाण्यामुळं, त्या पाण्यानं हॉप्सची चव स्वच्छ उठून येते. आपल्याकडं काळ्या रानातल्या बोअरचं पाणीही जड असतं, म्हणून ते तसंच चालेल असं कुणी समजू नये. पाण्यात कुठले क्षार आहेत यावर सगळं असतं. माल्टचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं, शेतासाठी आपण घेतोच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उकळून घालवावं, नाहीतर औषधासारखा वास लागतो.

सांगलीची हवा हा या कामातला मोठा अडथळा. डिस्टिलरीतलं यीस्ट ३२-३३ अंशांवर खुशीत काम करतं, कारण तिथं नुसतं अल्कोहोल हवं असतं. बिअरला चव हवी असते. घरगुती प्रकाराला १८ ते २२ अंश लागतात, लागर या बिअरच्या दुसऱ्या प्रकाराला तर दहाच्या आसपास. जास्त उष्णतेत तेच यीस्ट थिनरसारखे उग्र वास सोडतं. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा सातूला मोडही धड येत नाहीत, थर आंबतो. साताऱ्यापासून वर, पाचगणी-महाबळेश्वरच्या अंगाला हवा मानवते. खाली राहणाऱ्यानं डिसेंबर-जानेवारी धरावा. उन्हाळ्यात शिकायचं तर आंबील करावी. नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून रात्रभर आंबवायचं, सकाळी शिजवायचं आणि ताक घालायचं. डिस्टिलरीत ज्या लॅक्टिक जीवाणूंना आम्ही हाकलून लावतो, तेच इथं कामाला लागतात. कुणाला कुठं बोलवायचं आणि कुठं नाही, हे आंबील फार चांगलं शिकवते.

आता हातभट्टीबद्दल, कारण पोरं तिकडंही बोट दाखवतात. ‘खेड्यात करतातच की,’ असं म्हणतात. हातभट्टीत गूळ, नवसागर घालून आंबवतात आणि मग उकळून वाफ धरतात. यीस्टला नायट्रोजन लागतो, आम्ही डिस्टिलरीत त्यासाठी युरिया देतो, नवसागर त्याच कामाचा. म्हणजे मागचं शास्त्र तेच, पण मोजमाप नाही, स्वच्छता नाही आणि विकणाऱ्यावर कुणाची नजर नाही. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. त्या दारूतलं विष म्हणजे मिथेनॉल. ते आंबवण्यातून आलेलं नव्हतं, दारूच्या नावाखाली पाजलं गेलं होतं. धान्य आंबवून जीवघेणं मिथेनॉल तयार होत नाही, पण घरी ऊर्ध्वपातन करण्याचा विचार कुणीही मनात आणू नये. आग, स्फोट आणि विष हे तिन्ही धोके त्यात एकत्र येतात. राज्यातल्या कितीतरी गावांत बायकांनी दारूबंदीसाठी मतदान करून आडवी बाटली निवडली आणि दारूची दुकानं बंद पाडली. त्यांनी घरात जे सोसलं ते या कामाची हौस असलेल्या प्रत्येकानं समजून घ्यावं. मी अल्कोहोलवर पोट भरलं, म्हणून हे मला जास्त बोलावंसं वाटतं.

कायदा बदलावा असं कुणाला वाटत असेल तर ते उघडपणे मांडावं. २००१ साली राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि पलूसला वाइन पार्क उभा राहिला, तेव्हा धोरणं बदलतात. पण आज जो नियम आहे तो पाळूनच शिकायचं. ज्याला हाच व्यवसाय करायचा आहे त्यानं पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आंबवण्याचं आणि अल्कोहोल तंत्राचं रीतसर शिक्षण घ्यावं, किंवा परवाना असलेल्या ब्रुअरीत उमेदवारी करावी. तिथं टाकी धुण्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि ती करावीच.

बाकीच्यांना माझं एवढंच सांगणं आहे. येत्या थंडीत टरफलासकट एक किलो सातू आणा. मोड आणा, वाळवा, भरडा, ६५ अंशांवर तासभर सांभाळा आणि बशीत आयोडिनचा थेंब टाकून बघा. प्रत्येक वेळचं पाणी, उष्णता, ब्रिक्स आणि वास वहीत लिहून ठेवा. चार हिवाळे हे नीट केलंत तर जगात कुठंही कायदेशीर टाकीसमोर उभं राहायला तुम्ही तयार असाल. आणि तोवर यीस्टचं पाकीट परवान्याशिवाय फोडू नका.